पाण्याआधीची हाळी

सूनबाई जेवणाचा डबा घरीच विसरून गेली, म्हणून म्हातारा पाथरवट भर दुपारी त्या बंद पडलेल्या दगडखाणीत उतरला. काम काही मोठं नव्हतं. डबा द्यायचा, दोन शब्द बोलायचे, माघारी यायचं.

सून जुन्या खाणींचा इतिहास शोधायची. इथे तळाशी एक भली थोरली शिळा होती; शेकडो वर्षांपूर्वी खालून पोखरून तशीच सोडलेली. कारागीर छिन्न्या जागच्या जागी टाकून का निघून गेले, हे तिला हुडकायचं होतं. त्या शिळेच्या पोटाखाली पालथी पडून ती कुंचल्याने माती झाडत होती.

"सूनबाई, दगड उकरून पोट भरतं का गं?"

"तुमचं भरलंच की जन्मभर, मामंजी!" शिळेखालून हसणं ऐकू आलं. "आलेच. एवढी एक छिन्नी मोकळी करते."

म्हातारा सावलीला टेकला. खाणीत वारा नव्हता, पाखरू नव्हतं. पण वास येत होता... नुकत्याच तासलेल्या लाकडाचा. त्याने मान वर केली. शिळेच्या माथ्यावर जुन्या भोकांची रांग होती, आणि भोकाभोकात पाचर ठोकलेली. कोरी, पांढरी.

त्याच्या तरुणपणी दगड असाच फोडायचे. भोकांत सुकं लाकूड ठोकायचं, वरून पाणी ओतायचं. रातभरात लाकूड फुगतं नि दगड फाटतो. पण पाण्याआधी हाळी द्यायची, "खाली कोण?" ओ आली, की माणूस बाहेर येईपर्यंत पाणी ओतायचं नाही.

"या पाचरी कुणी मारल्या गं?"

"तुम्हीच ना? सकाळपासून ठोकाठोक ऐकतेय. मघाशी हाळी नाही का दिलीत, खाली कोण म्हणून? मी ओ दिली की."

म्हाताऱ्याच्या हातून डबा सुटला. तो तर आत्ताच आला होता.

"पोरी, बाहेर ये."

"अहो, पण छिन्नी..."

"राहू दे ती. ये..."

ती सरपटत बाहेर आली. मनगट धरून त्याने तिला पार चढणीपर्यंत ओढत नेलं. तेवढ्यात वरून आवाज आला. वाट पाहून कंटाळलेल्या माणसाचा.

"खाली कोण?"

सून त्याला चिकटली. आणि शिळेखालून, जिथे आता कुणीच नव्हतं तिथून, घाईघाईने उत्तर आलं.

"ओ... थांबा... मी आहे..."

वरचा थांबला नाही. पाणी ओतल्याचा आवाज झाला. सारी रात लागायला हवी होती, पण लाकूड लगेच करकरलं, आणि शिळा दुभंगून खाली बसली.

धूळ निवळली तेव्हा फुटलेल्या दगडाचं आतलं अंग उघडं पडलं होतं. जग झाल्यापासून कुणी न पाहिलेलं. त्यावर हाताचा ओला पंजा होता, बोटं फाकलेला.

दोघं बघत राहिली. उन्हाने वरचं पाणी सुकलं. पंजा सुकला नाही. त्याच्या शेजारी, दगडाच्या आतून, सावकाश, दुसरा उमटू लागला.