घरात बोलायचं नाही

अकोटच्या तेजराव काळबांड्यांच्या घरात सकाळचं जेवण खुणांनी चाले. मीठ हवं असेल तर दोन बोटं चोळायची, पोळी हवी तर तळहात पुढे करायचा, नको असेल तर ताटावर आडवा धरायचा. भाजी खारट झाली तर तेजराव मुकाट गिळत, कारण ‘खारट’ची खूण अजून ठरली नव्हती. बोलत असे ती फक्त मधल्या खोलीतल्या भिंतीवरची पेटी, आणि तिच्यासमोर चटईवर बसलेली त्यांची नात गार्गी.

आणि हे कुणाच्या घरात? ज्या माणसानं तीस वर्षं बाजारात धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारला, ज्याचा आवाज तीन शेडांपलीकडे जायचा, त्याच्या! पण लेकीनं तोंडावर बोट ठेवलं आणि बिचारा चिडीचूप झाला.

लेक प्रणोती. नवरा राजस्थानात सौर प्रकल्पावर, म्हणून बाळंतपणापासून ती माहेरीच होती. गार्गी महिन्याची असताना पेटी विकणारी बाई आली. पेटीचं नाव वाग्मिनी, काम बाळाला भाषा शिकवणं.

“ताई, नुकतं जन्मलेलं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगवेगळे ओळखतं,” ती म्हणाली. “स्वनिम म्हणतात त्यांना. भाषेच्या विटाच म्हणा. वर्षाचं होता होता बाळ घरात ऐकलेल्या तेवढ्या ठेवतं, बाकीच्या सोडून देतं. आमची वाग्मिनी एकही सुटू देत नाही.”

सोबतच्या पुस्तिकेत एक ओळ होती, घरातले अशुद्ध उच्चार बाळासमोर शक्यतो टाळावेत. दुसऱ्या कुणी ती वाचून सोडून दिली असती. पण पुण्यातल्या एका मुलाखतीत प्रणोतीच्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघालं होतं आणि टेबलापलीकडची तिघं हसली होती. दहा वर्षं झाली, ते हसणं काही तिच्या मनातून जात नव्हतं. आपल्या पोरीला कुणी असं हसता कामा नये, एवढंच तिला कळत होतं. तिनं त्या ‘शक्यतो’वर काट मारली.

“बाबा, गार्गीसमोर बोलायचं नाही. मीही नाही बोलणार.”

“काऊन वं पोरी? माही बोली का बाटलेली हाये?” तेजरावांनी विचारलं. प्रणोतीनं तोंडावर बोट ठेवलं. “बरं बाप्पा,” ते म्हणाले. “तुहं लेकरू, तू म्हनशीन तसं.”

घर गप्प झालं. शेजारणींनाही दारातच तोंडावर बोट ठेवून दाखवलं जाई. गार्गी मात्र बोलू लागली, आणि काय बोलू लागली! दोन वर्षांची असताना ती पेटीला सहा भाषांत नमस्कार करी. व्हिडिओ पाहून नातेवाईक तोंडात बोटं घालत. ती आपल्याशी काहीच बोलत नाही, हे प्रणोतीला दिसत होतं. पण बोलेल की, घाई काय आहे, असं ती मनाला समजावत राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग एके दिवशी गार्गी अंगणात पडली. गुडघा फुटला. प्रणोती हात पसरून धावली. पोर रडत आली, आईच्या हातांखालून वाकून निघाली आणि थेट पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

“मला लागलं आहे. रक्त येत आहे.”

“छान वाक्य, गार्गी!” पेटी म्हणाली. “आता हेच जपानीत म्हणूया.”

आणि हुंदके देत देत तिनं ते जपानीत म्हटलं. प्रणोतीचे हात तसेच पसरलेले राहिले.

अकोल्याच्या वाचातज्ज्ञ डॉक्टर अस्मा यांनी गार्गीसमोर चेंडू घरंगळवला, हाका मारल्या, गाणं म्हटलं. गार्गी चेंडूकडे पाहत होती, तोंडाकडे एकदाही नाही.

“घरी हिच्याशी कोण बोलतं?”

प्रणोतीनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चेंडू उचलून बाजूला ठेवला.

“विटा तुम्ही उत्तम दिल्यात हो,” त्या मग म्हणाल्या. “पण बाळ आपल्या डोळ्यांत बघतं, काहीतरी बडबडतं, आपण ‘हो का गं?’ म्हणतो, ते पुन्हा बडबडतं. भाषा त्यात होते. माणसं बोलतात, हेच हिला माहीत नाही. तिच्या लेखी बोलणं हे पेटीचं काम आहे.”

“आता?”

“पेटी काढा आणि बोला. जमेल असं छातीठोक सांगत नाही मी. उशीर झालाय.”

घरी येताच प्रणोतीनं वाग्मिनी बंद केली. गार्गी बंद पेटीसमोर बसून तिला सहाही भाषांत हाका मारू लागली. ते ऐकवेना. “बाबा, तुम्ही बोला ना,” प्रणोती रडत म्हणाली. “चुकले मी. लाज वाटली मला आपल्या बोलण्याची. तुमचीसुद्धा.”

तेजरावांनी दोनदा घसा खाकरला. अडीच वर्षांत सवय मोडली होती. नातीशी काय बोलायचं असतं, तेही सुचेना. मग जे तीस वर्षं केलं तेच तोंडातून आलं.

“तूर आली, तूर! दाना पाहा कसा टपोरा! बोला भाऊ बोला, कोन बोलते?”

गार्गी दचकून वळली. जवळ आली. तिनं आजोबांच्या गळ्यावर हात ठेवला. गळा थरथरत होता. मग ती त्यांच्या मागे गेली, सदऱ्याची कॉलर उचलली आणि मानेवर काहीतरी शोधू लागली. बटण शोधत होती ती. प्रणोतीनं पदर तोंडात कोंबला. तेजरावांचे डोळे भरून आले, तरी हर्रास थांबला नाही.

बटण सापडलं नाही. गार्गी पुढे आली आणि बंद पेटीकडे वळून स्वच्छ, सुरेख उच्चारात विचारती झाली, “हे कोणतं यंत्र आहे?”

“यंत्र नाई वं माय,” तेजराव म्हणाले. “मी आजा आहो तुहा.”

तिनं पेटीकडे पाहिलं. पेटी गप्प होती. मग तिनं तेजरावांकडे पाहिलं, आधी ओठांकडे, मग डोळ्यांत. तिचं तोंड किंचित उघडलं. तेजराव श्वास रोखून थांबले.

आता ती जे म्हणेल, ते त्यांना म्हणेल का?