सोबत : वरीलप्रमाणे

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पाषाणच्या मंगळ संपर्क केंद्रातून शर्मिष्ठा बेलसरे यांनी मंगळावरच्या तळासाठी अंतरटपाल, म्हणजे अंतराळातला ईमेल, सोडलं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवले' उमटल्यावर कुठे जेवणाचा डबा उघडला. दोन वाजता सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येणार होता. मग पंधरा दिवस इकडची हाक तिकडे नाही, तिकडची इकडे नाही.

तिकडच्या तळावर अठरा माणसं होती. तळप्रमुख रेवंत हा बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, जन्मला तिकडेच. हवा शुद्ध करणारा मुख्य शोषक सात दिवसांत दम टाकणार होता. राखीव शोषक सील फोडल्यापासून, वापरा न वापरा, नऊ दिवसांत संपणारा. एकामागून एक वापरले तर सोळा दिवस निभत होते आणि रसदयान पंधराव्या दिवशी उतरणार होतं. पण रेवंत पडला उतावळा. राखीव आजच उघडू का, असं त्यानं विचारलं होतं. आज उघडला तर नवव्या दिवशी दोन्ही संपलेले.

'सात दिवस हात लावू नये,' एवढंच बाईंना सांगायचं होतं. पण सरकारी कामात एक वाक्य सुटं कसं जाणार? ते लेटरहेडवर छापलं, तीन साहेबांच्या सह्या झाल्या, गोल शिक्का बसला आणि त्याची रंगीत प्रत जोडपत्र म्हणून रवाना झाली.

दीडच्या सुमारास टपाल यंत्रणेचे तुंगारे चहा घेऊन आले. "केवढं होतं जोडपत्र?"

"बेचाळीस एमबी. मर्यादा पन्नासची आहे, बघितलंय मी."

तुंगाऱ्यांनी कप खाली ठेवला. "बाई, अंतरटपाल मुळात अक्षरं न्यायला झालंय. चित्र असो, प्रत असो, वाटेत ते अक्षरांचं सोंग घेऊनच जातं. आणि सोंग चढलं की अंग तिसऱ्या हिश्श्यानं फुगतं. बेचाळीसचे छप्पन झाले."

"मग परत आलं असतं ना! 'पाठवले' म्हणतंय की."

"ते आपल्या यंत्रानं पुढच्या यंत्राच्या हातात दिलं, एवढंच. मध्ये दोन ठाणी आहेत, प्रत्येक ठाण्यावर द्वारपाल. जोडपत्र जड दिसलं की तो काढून घेतो आणि नुसती चिठ्ठी पुढे सोडतो. कोणाला कळवत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "चिठ्ठीत काय लिहिलंत?"

नेहमीचंच. तीस वर्षं हात तेच लिहीत आला होता.

'विषय : राखीव शोषक आजच उघडणेबाबत. तातडीने कार्यवाही व्हावी. सोबत : वरीलप्रमाणे.'

मंगळावर जन्मलेल्या पोरानं सरकारी पत्र कधी पाहिलं होतं? बाईंनी जोडपत्राशिवाय नुसतं लिहिलं : 'उघडू नकोस.' तेही पोहोचायला बावीस मिनिटं. पहिलं पोहोचून दहा मिनिटं होऊन गेली होती. दोघं घड्याळाकडे बघत बसले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एक पंचावन्नला रेवंतचं उत्तर आलं.

'मावशी, सोबत काही सापडलं नाही. पण शेवटी "वरीलप्रमाणे" म्हणालीस, म्हणून वर लिहिल्याप्रमाणे राखीव उघडला. सगळ्यांना किती हायसं वाटलं! आम्हा अठरा जणांचा फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून जोडलाय.'

बाई पडद्यावर खाली खाली सरकत गेल्या. खाली काहीच नव्हतं.