गोणपाटाखालचा गिंबल

"चंदाताई, गिंबल चोरीले गेला! आपला मोठा गिंबल!"

फोनवर किशोर होता, अकोल्याच्या जठारपेठेतल्या स्टुडिओचा मालक. सोमवारचे सव्वादहा वाजले होते. जुन्या शहरातल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात चंदा एका ट्रायपॉडचा पाय खोलून बसली होती.

"कधी गेला?"

"आता दहाले कपाट उघडलं तं जागा रिकामी! मागच्या महिन्यात तुमी रिपेअर केलता ना? त्या बिलावर मशीनचा नंबर हाये. तेवढं बिल मोबाइलवर पाठवा. पोलिसात द्या लागते."

"कोनावर संशय हाये?"

"संशय कायचा? खात्री हाये. कुलदीप."

चंदाने हातातला पाना खाली ठेवला. बिल मोबाइलवर न पाठवता तिने ते पिशवीत टाकलं, शटर ओढलं आणि मोर्णा नदीच्या पुलावरून स्कूटी जठारपेठेकडे घेतली.

गिंबल म्हणजे कॅमेरा धरायचा मोटारीचा दांडा. त्याला तीन सांधे. माणूस चालला, वळला, तरी चित्र हेलकावत नाही. पण कॅमेरा आधी त्यावर नीट तोलावा लागतो, नाहीतर मोटारी कण्हायला लागतात. स्टुडिओतला तरुण कॅमेरामन कुलदीप याच्या हातात हा गिंबल आला की चित्र पाण्यावरून सरकल्यासारखं सरके. परवापासून, म्हणजे बुधवारपासून, तो अमरावतीला एका वेबमालिकेच्या चित्रीकरणावर जाणार होता. बार्शीटाकळीजवळ झेंडू पिकवणाऱ्या घरातल्या पोराला कंपनीने स्वतःहून बोलावलं होतं. आणि नेमका आज त्याच्यावर चोरीचा आळ.

चंदाला ते पटत नव्हतं.

किशोर दारातच उभा होता. "तुमी काहून आल्या ताई? बिल पायजे होतं फक्त."

"मशीन माह्या हातून गेलेलं हाये. पाहून जातो म्हटलं. शेवटचं कोनं पाह्यलं ते?"

"शनिवारी संध्याकाळी कुलदीपनं कपाटात ठेवलं. काल रविवारी स्टुडिओ बंद. आज गायब."

"चाव्या किती?"

"एक माह्यापाशी. दुसरी आत खिळ्याले टांगली असते. कोनीही घेऊ शकते."

चंदाने दुकानभर नजर फिरवली. काउंटरमागच्या काचेच्या शोकेसमध्ये किशोरचा जुना कॅमेरा होता. याच कॅमेऱ्यावर आपण नाव कमावलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. मालक झाल्यापासून चार वर्षं त्याने तो बाहेर काढला नव्हता. आज तो कॅमेरा जरा कलता दिसत होता, बसताना पाटाखाली खडा यावा तसा.

बाकावर गोवर्धनभाऊ बसले होते. पन्नाशी उलटलेले, स्टुडिओतले सर्वांत जुने कॅमेरामन. खांद्यावरचा भला मोठा कॅमेरा घेऊन ते बैलगाडीतूनही स्थिर चित्र काढत.

"भाऊ, तुमाले गिंबल आवडत नाई म्हणतात."

"कोनाले आवडंन?" गोवर्धनभाऊंनी तोंड वाकडं केलं. "पंचवीस वर्षं श्वास रोखून हात कमावला. आता कोनीही दांडा धरते अन् चित्र हालत नाई. लोकं कुलदीपले विचारतात, मले नाई. जळतो मी त्याच्यावर. लपवू कायले?"

"काल कुठी होते?"

"अमरावतीले, पोरीकडे. आज सकाळच्या गाडीनं आलो. तिकीट हाये खिशात."

आतल्या खोलीत किशोरची बायको आचल संगणकावर लग्नाची फिल्म जोडत होती. पडद्यावर एक नवरी जिना उतरत होती आणि कॅमेरा तिच्याभोवती अलगद फिरत होता.

"पाहा ना ताई," आचल म्हणाली, "हा पोरगा उलटा पायऱ्या उतरून राहिला, पन चित्र जरा तरी हालते का? मी दहादा पाह्यला हा शॉट. हात असावा तं असा. अन् हे त्याले चोर म्हणतात!"

"दहादा पाहाची काय गरज हाये?" मागून किशोरचा आवाज आला.

चंदाने वळून पाहिलं. तो बायकोकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले. तो चेहरा चंदाच्या ओळखीचा होता. तिच्या वडिलांनी, केशवरावांनी, दोन्ही लेकरांना कॅमेरा दुरुस्तीचं काम शिकवलं. पण अमरावतीचं काचेच्या दारांचं दुकान दिलं भावाला, शेखरला. त्या दुकानात पाऊल टाकलं की चंदाचा चेहरा असाच होई.

कुलदीप मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल.

"ताई, मी नाई नेला."

"मले सगळं सांग. शनिवारी काय केलं?"

"कॅमेरा काढला. प्लेट गिंबलवरच राहू देली अन् कपाटात ठेवला."

प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवायची चपटी पट्टी. ती गिंबलच्या खाचेत सरकवली की कॅमेरा बसतो.

"आज सकाळी?"

"फुलं बाजारात देली, आठले इथं गाडी लावली. मंग पावणेनऊले हे आलं." त्याने मोबाइल पुढे केला. अमरावतीच्या कंपनीचा निरोप होता: झालेला प्रकार कळला. बुधवारी येऊ नये. "तवापासून विचार करून राहिलो, कायचा प्रकार? मंग दहा वाजता मालक वरडले."

"अरे, त्याची गाडी तं पाहा!" गोवर्धनभाऊंना घेऊन अंगणात येत किशोर म्हणाला.

कुलदीपच्या दुचाकीच्या मागे फुलांचं प्लास्टिकचं क्रेट बांधलेलं होतं. किशोरने त्यातलं गोणपाट उचललं. खाली गिंबल होता.

"हे मी नाई ठेवलं!" कुलदीप म्हणाला. गोवर्धनभाऊंनी मान फिरवली.

"आता बोला," किशोर म्हणाला. "द्या बिल."

"देतो. आधी मशीन तं पाहू द्या."

चंदाने गिंबल आत नेऊन काउंटरवर ठेवला. बराच वेळ ती त्याचे सांधे न्याहाळत राहिली. मग सगळ्यांना जवळ बोलावलं.

"कुलदीप, तुह्या कॅमेऱ्यासाठी मी या तिन्ही दांड्यांवर पांढऱ्या खुना केल्या होत्या. आठवते?"

"हाव. त्या खुनांवरच घट्ट करतो मी."

"आज एकही दांडा खुनेवर नाई. तिन्ही बोटभर सरकले हायेत, अन् घट्ट आवळले हायेत. म्हणजे शनिवारनंतर यावर कोनीतरी दुसरा कॅमेरा तोलला. इकायले नेनारा चोर असं कायले करंन?"

तिने गोवर्धनभाऊंकडे पाहिलं.

"गोवर्धनभाऊंचा कॅमेरा यावर बसत नाई, मोटारी जळतील. मंग कोनता बसला? अन् प्लेट कुठी हाये? खाच रिकामी हाये. कुलदीपनं प्लेट वरच ठेवली होती. चोर घाईत होता. त्यानं कॅमेरा ओढून काढला, तं प्लेट कॅमेऱ्याच्या बुडालेच राह्यली."

चंदा शोकेसपाशी गेली. काच सरकवून तिने किशोरचा कॅमेरा उचलला आणि उलटा धरला. बुडाला काळी प्लेट होती.

"ताई, ते जुनी..." किशोर पुढे झाला.

चंदाने तो कॅमेरा गिंबलच्या खाचेत सरकवला. एकाही स्क्रूला हात लावला नाही. मग हात सोडला. कॅमेरा जिथल्या तिथे, आडवा, स्थिर राहिला. कुठेच कलला नाही.

"चार वर्षं बंद असलेला कॅमेरा," असं म्हणत तिने बटण दाबलं. पडदा उजळला. बॅटरी भरलेली होती. कार्डावर कालच्या तारखेच्या सतरा क्लिप होत्या.

तिने पहिली लावली. स्टुडिओचाच जिना. चित्र पावलागणिक वरखाली उडत होतं आणि मागे धापा टाकल्याचा आवाज येत होता. दुसरीतही तेच, तिसरीतही. सतराव्या क्लिपच्या शेवटी एक शिवी ऐकू आली. आवाज किशोरचा होता.

"गिंबल हात सांभाळते," चंदा म्हणाली, "पावलाचा दनका नाई सांभाळत. त्यासाठी गुडघे वाकवून चाला लागते. कुलदीप सहा महिने ते शिकला. तुमी एका दिवसात करायले गेले."

"माहीच वस्तू मी काहून चोरीन?" किशोरचा आवाज चढला. "मी मालक हावो!"

"वस्तू नाई, तुमाले त्याचं अमरावतीचं काम घालवायचं होतं. कपाट तुमी दहाले उघडलं म्हणता. मंग पावणेनऊले अमरावतीले कसं समजलं? आठनंतर, कुलदीप फुलांची गाडी लावून आत आल्यावर, तुमी क्रेटात गिंबल ठेवला अन् तिकडे फोन केला. मले फक्त नंबरासाठी बोलावलं. मी स्वतः येईन, असं तुमाले वाटलं नाई."

किशोर स्टुलावर बसला.

"हिच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं," तो म्हणाला. "ते पाहून ही बोलली, हात असावा तं असा. त्याच्यावर आमचं लग्न झालं. आता रोज कुलदीपचे शॉट पाहते अन् तेच बोलते. रोज! मले वाटलं, आपनही तसा शॉट काढून पाहू. नाई निघाला. मंग डोकंच फिरलं माहं."

"मी त्याच्या कामाबद्दल बोलत होती," आचल म्हणाली. "एवढं नाई समजलं तुमाले?" तिने काउंटरवरचा त्याचा मोबाइल उचलून पुढे धरला. "लावा अमरावतीले. स्पीकरवर."

किशोरने नंबर लावला. घंटी वाजत राहिली.

"हॅलो, सकाळी मी कुलदीपबद्दल बोललो होतो," तो म्हणाला. "त्यानं काई चोरलं नाई."

"मग चोरी केली कोणी?" पलीकडून विचारलं.

किशोरने कुलदीपकडे पाहिलं, मग गोवर्धनभाऊंकडे. आचलकडे पाहणं त्याला जमलं नाही.

"मी. त्याचा मालक."

पलीकडून आवाज आला, "कुलदीपला बुधवारी सकाळी सातला पाठवा."

कुलदीपने खिशातून गाडीची चावी काढली. तो अंगणात गेला आणि दुचाकी सुरू करू लागला. आचलने संगणक बंद केला आणि नवऱ्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, कुलदीपची माफी मागायला धावत बाहेर गेली.

किशोर दारापर्यंत आला. अंगणात ती दोघं बोलत होती. तो बघत राहिला, आणि तिला हाक मारायची त्याची हिंमत झाली नाही.