वाकड्या रेघेचा दगड

आम्ही निघालो होतो एका दगडाच्या शोधात. सोनं नाही, हिरे नाहीत, नुसता दगड! गुडघ्याएवढा, एका अंगाला कोलोरॅडोचा सी आणि दुसऱ्या अंगाला युटाचा यू कोरलेला. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी तो या दोन राज्यांच्या हद्दीवर पुरला आणि निघून गेला. त्यानंतर तो कुणी पाहिल्याची नोंद नव्हती.

गोष्ट १९८४ च्या सप्टेंबरातली. मी सातारा जिल्ह्यातल्या मोजणी खात्यातून निवृत्त होऊन पुतण्याकडे, अनिलकडे, अमेरिकेत चँडलरला सहा महिन्यांसाठी आलो होतो. अनिल तिथे कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर तो केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा मोजायचा आणि संध्याकाळी घरी येताना हमखास चुकीच्या गल्लीत वळायचा. तिसरी प्रतिमा. माझ्या पुण्याच्या मित्राची मुलगी, कोलोरॅडोत भूगोलात पीएचडी करणारी. दगड तिला हवा होता.

नकाशावर युटा आणि कोलोरॅडोमधली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ दिसते. भिंग लावलं की मध्येच एक बाक दिसतो. एकोणिसाव्या शतकात मोजणीदार दक्षिणेकडून साखळ्या टाकत, मैलामैलाला खूण करत निघाले आणि डोंगराळ मुलुखात रेघ त्यांच्या हातून पश्चिमेला सरकली, चांगली मैलभर. चूक कळेपर्यंत दगड बसले होते, आणि अमेरिकेतला कायदा म्हणतो की मान्य झालेला दगड हीच हद्द, कागदावर काहीही असो. प्रतिमाचं म्हणणं असं, की हा बाक सगळे समजतात त्याच्या एक मैल आधीच सुरू होतो. त्या मैलाचा दगड सापडला तर म्हणणं खरं. तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत पुरावा आणा, नाहीतर ते प्रकरण काढून टाका. आणि ते काढलं की प्रबंधात नुसती प्रस्तावना उरत होती.

मैलाचा आकडा मी सांगणार नाही. उगाच सहली निघतील.

कोलोरॅडोतल्या कोर्टेझला प्रतिमा बसने येऊन थांबली होती. पाठीवर सॅक, हातात जुन्या मोजणीवहीची झेरॉक्स. गाडीत बसल्या बसल्या अनिल सुरू झाला.

"काय यार, या लोकांना एक बॉर्डर धड काढता आली नाही. ओक्लाहोमाला तव्याला असते तशी मूठ काय, डेलावेअरचं डोकं गोल काय!"

"डेलावेअरचा गोल मुद्दाम काढलाय, अनिलदादा. कोर्टहाउस मध्ये धरून बारा मैल त्रिज्येचं वर्तुळ."

"आणि ती मूठ?"

"टेक्सासने सोडलेली पट्टी. तिथे कायद्याने गुलामी चालणार नव्हती आणि टेक्सासला गुलाम सोडायचे नव्हते. म्हणून जमीन सोडली. पुढे चाळीस वर्षं ती कुठल्याच राज्यात नव्हती."

"चाळीस वर्षं बेवारस!" मी म्हणालो. "आमच्या तालुक्यात ती चाळीस मिनिटं राहिली नसती."

कच्चा रस्ता संपला तिथे गाडी ठेवली. पुढे सहा मैल पायी. लाल खडकाची पठारं, मध्ये खोल घळी, खुरटी जुनिपरची झाडं, आणि माणूस म्हणाल तर आम्ही तिघंच. ऊन असं, की आम्ही थांबलो की सरडे धावत येऊन आमच्या सावलीत बसत. एकदा मी सात मोजले. आठवा आला तेव्हा जागेवरून त्यांच्यात भांडण झालं. अनिल म्हणतो दोनच होते, पण अनिलला मोजणीतलं काय कळतं?

दुपारपर्यंत आधीच्या मैलाचा दगड सापडला. ताठ उभा, अक्षरं स्पष्ट. तिथून पुढे आम्ही फीत धरून सरळ उत्तरेला मोजायला लागलो. झुडपांतून, खडकांवरून, एके ठिकाणी पोटावर सरपटत. अनिल फितीचं पुढचं टोक ओढत होता आणि दर शंभर फुटांवर अमेरिकेला एक नवी शिवी देत होता. मैल पुरा झाला तो एका घळीच्या काठावर. दगड नव्हता! दगडाची खूणही नव्हती!

प्रतिमा वहीची पानं उलटीपालटी करत बसली. "इथेच असायला हवा होता, काका. नाहीतर थोडा पश्चिमेला. पण थोडा म्हणजे किती? हा काठ मैलभर लांब आहे."

आता माझी पाळी होती. पस्तीस वर्षं मी बांधांची भांडणं मिटवली. हद्दीचा दगड आपल्या पायांनी चालत नाही, त्याला चालवणारा शेजारी असतो. म्हणून गावात दगड सापडला नाही की मी पहिला प्रश्न विचारायचो, सरकवण्यात फायदा कुणाचा?

"कोलोरॅडोवाल्याचा," मी ठामपणे म्हणालो. "दगड पश्चिमेला गेला तर त्याचं रान वाढतं. त्याने उपटला आणि खाली युटाच्या घळीत टाकून दिला. चला!"

"काका, इथे कोलोरॅडोवाला कुणी राहतच नाही," अनिल म्हणाला. "दोन्हीकडे फेडरल गव्हर्नमेंटची जमीन आहे!"

"म्हणजे तर सरकारच चोर!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण दुसरी कल्पना कुणाकडेच नव्हती. आम्ही काठाकाठाने पश्चिमेला गेलो आणि एका कोसळलेल्या जागेवरून घसरत घळीत उतरलो.

खाली थंडावा होता. दोन्ही बाजूंना चार पुरुष उंचीच्या लाल भिंती, वर आभाळाची निळी पट्टी आणि पायाखाली कोरड्या ओढ्याची मऊ वाळू, इतकी मऊ की चाललेल्या सापाची नागमोडी रेघ तिच्यावर स्पष्ट उमटली होती. तास गेला. मीही मनातल्या मनात त्या शेजाऱ्याचा नाद सोडत आलो होतो. आल्या वाटेने परत फिरलो, आणि उतरलो होतो त्याच जागेपाशी प्रतिमा किंचाळली.

वाळूत अर्धा गाडलेला एक चौकोनी दगड! तिने गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसली. सी! दुसऱ्या अंगाला यू! मैलाचा आकडाही तोच!

"पाहिलंत?" मी म्हणालो. "शेजारी!"

पण पोरीचा चेहरा पडला होता. "काका, हा उभा नाहीये. वरून पडलाय. पडलेला दगड कुठे होता ते सांगत नाही. सर विचारतील, पाण्याने किती लांबून आणला?" मग एकदम म्हणाली, "निदान हा तरी वर नेऊ. हात लावा."

तेवढ्यात जमीन गुरगुरली. आमच्या डोक्यावर आभाळ निळंच होतं. अनिलने घळीच्या वरच्या वळणाकडे पाहिलं. तिकडे, लांब पठारावर, काळे ढग कधीच फुटले होते.

"पाणी!" तो ओरडला. "वर चढा! वर!"

वळणावरून लाल भिंत आली. पाणी नव्हे, चिखल! आत ओंडके! गोटे! आवाज असा, की शंभर बैलगाड्या एका उतारावरून सुटल्यात. अनिलने मला ढकललं. मी चढलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माकडालाही चढता येणार नाही असा चढलो. वळून पाहतो तर प्रतिमा खालीच! दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारून ती तो ओढत होती.

"सोड!" मी ओरडलो.

"नाही! माझं सगळं आहे ह्याच्यात!"

"पोरी, सोड तो दगड!"

अनिल खाली उतरला. पाणी तिच्या घोट्याला लागलं. गुडघ्याला लागलं. दगड हलला, लोळला, तिचे हात निसटले. अनिलने सॅकचा पट्टा धरून तिला उचकटलं. दोघं भिंतीला चिकटली. एक ओंडका त्यांच्या टाचांखालून गेला. अनिलचा एक बूट घेऊन गेला! मी वरून फीत सोडली. ती त्यांनी मनगटांना गुंडाळली आणि मी ओढलं. इंच इंच! काठापासून हातभर खाली एक अरुंद कंगोरा होता, त्यावर दोघं येऊन आदळली.

खाली दगड गेला होता. कोण जाणे कुठे!

प्रतिमा रडत नव्हती, नुसती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग तिने तोंडावरचा चिखल पुसला आणि तोंड आणखी काळं झालं.

"अगं, हाताला काय लागलंय?" अनिल म्हणाला.

तिने हात पाहिला. काळा कुळकुळीत. जिथे धरून ती चढली होती तिथे, तुटलेल्या काठाच्या मातीत, एक काळा चौकोन दिसत होता. वीतभर रुंद, वीतभर खोल, सुरीने कापावा तसा.

मी पालथा पडून डोकं खाली घातलं. कोळसा! आणि कोळशात हिरव्या काचेचे तुकडे.

"वणवा लागला असेल कधीतरी," अनिल म्हणाला.

"वणवा खड्डा चौकोनी खणत नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा बदलला असावा, कारण दोघंही माझ्याकडे बघायला लागली. "दगड पुरण्याआधी आम्ही खाली कोळसा आणि खापऱ्या टाकतो. दगड चोरीला जातो, फुटतो. कोळसा कुजत नाही आणि कुणी चोरत नाही. इथल्या मोजणीदाराला खापरी मिळाली नसणार. बाटली फोडली त्याने. दगड इथेच होता, पोरी. इथून इंचभरही लांब नाही."

प्रतिमाने सॅकमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॅमेरा काढला, पट्टी शेजारी धरून फोटो घेतले. कोळशाला बोटही लावलं नाही. मग आमची सरळ रेघ जिथे काठाला लागली होती तिथपर्यंत मोजलं. सहाशे तेवीस फूट! रेघ आधीच वाकली होती, ती म्हणत होती तशीच!

पाणी एकच बाटली उरलं होतं आणि अनिल एका पायात बूट, दुसऱ्यात माझा मफलर बांधून चालत होता. तरी निघण्याआधी प्रतिमाने आम्हा दोघांना राबवून त्या जागेवर दगडांची कमरेएवढी रास रचून घेतली. गाडीपाशी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि अनिलकडच्या शिव्या संपल्या होत्या.

नोव्हेंबरात तिचा फोन आला.

"काका, चॅप्टर टिकला! सरांनी फोटो अर्धा तास पाहिला. फक्त एक विचारलंय, बाटली कशाची होती?"

"व्हिस्कीची," मी म्हणालो. "पुरण्याआधी रिकामी केलेली. त्या मैलापासूनच रेघ वाकडी का झाली, त्याचं कारण तेच. लिही."

तिने ते लिहिलं नाही. इतिहासाचं फार नुकसान झालं.