वेल बेटावरची, खाडी हजीऱ्याची

“पळा! डंपर आला!” साक्षी ओरडली.

विशाखानं शेवटची गाठ मारली आणि तिघंही बाभळीआड दडली. खाडीकाठी आता लाल फडकी बांधलेल्या काठ्या उभ्या होत्या. मधोमध प्रफुल्लनं रंगवलेली पाटी: ‘सावधान! नीचे गॅस लाईन!’

विशाखा, तिचा धाकटा भाऊ प्रफुल्ल आणि मैत्रीण साक्षी सुट्टीत डिंडोलीहून हजीऱ्याला आली होती, वेल्डर असलेल्या नरेंद्रमामांकडे. मामांच्या खोलीमागे खाडीच्या चिखलात विशाखाला एक वेल दिसली. जाड, खारट पानं आणि पानांखाली लपलेली पांढरी फुलं! तिनं विज्ञानाच्या बाईंना फोटो पाठवला, बाईंनी कॉलेजातल्या अनुसया मॅडमना. संध्याकाळी मॅडमचाच फोन!

“अगं, ही वेल आजवर फक्त एका बेटावर सापडलीय! पण फळ पाहिल्याशिवाय खात्री नाही. परवा येते. तोडू नका, जपा!”

आणि दुसऱ्याच सकाळी तिथं मातीचा भराव सुरू झाला. विशाखानं मुकादमाला हात जोडून सांगितलं.

“घास आहे गं ती, साधं गवत!” तो हसला.

मामा म्हणाले, “त्यांच्या नादी लागू नका.”

म्हणून ही पाटी.

डंपर करकचून थांबला. “बाप रे, गॅस!” ड्रायव्हरनं खाली उडीच मारली. मुकादम धावत आला, डोकं खाजवत फोनवर फोन करत राहिला. दिवसभर ढेकूळही पडलं नाही!

“काय उल्लू बनवलं यार!” प्रफुल्ल नाचला.

पण दुसऱ्या सकाळी डंपरच्या घरघरीनंच जाग आली. पाटी चिखलात उपडी पडली होती. “इथं लाईनच नाही, ऑफिसनं सांगितलं,” मुकादम म्हणाला. वेलीच्या जागी मातीचा डोंगर होता.

विशाखा त्या ढिगात घुसली. हातांनी उकरू लागली. नखं फाटली, तरी उकरतच राहिली.

“ताई, पुरे गं,” प्रफुल्ल रडवेला झाला.

शेवटी ढिगाच्या कडेला एक चिरडलेली फांदी हाती लागली. तिला एकच फळ.

थोड्या वेळानं आलेल्या अनुसया मॅडमनी ते भिंगाखाली धरलं. “तीच आहे!” त्या पुटपुटल्या. मग आवाज उतरला. “पण कच्चं आहे. रुजणार नाही.”

सगळ्यांनी दुपारपर्यंत काठ पालथा घातला. मुकादमही खाली मान घालून शोधत होता. दुसरी वेल कुठंच नव्हती.

“शाबास पोरांनो!” मॅडम म्हणाल्या. “बेटाबाहेर ही वेल पहिल्यांदा तुम्ही शोधलीत. तशी नोंद होईल.”

मामांनी विशाखाच्या पाठीवर हात ठेवला. “नाव काढलंत! चुकलं माझं. मीच बोलायला हवं होतं.”

विशाखाला शाबासकी नकोशी झाली.

“मॅडम, काय लिहाल? हजीऱ्याला सापडते, की सापडत होती?”

मॅडमनी फांदी कागदात गुंडाळली.

“सापडत होती,” त्या म्हणाल्या.