काढलं तेवढं परत

बेबीला यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो.

औषध कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी. सरांची शाबासकी. आणि टॉपरच्या नावाचा जप एकदाचा बंद होणं.

या तिसऱ्यासाठी तिने पहिल्या दोन्हींवर पाणी सोडलं असतं.

उडत उडत कानावर आलेली गोष्ट नाही ही. बेबी माझी मावसबहीण. अर्धं तिने स्वतः सांगितलं. पुढे ती सांगेनाशी झाली, तेव्हा उरलेलं मावशीने.

एम.फार्म.ला बेबी आणि टॉपर एकाच सरांच्या हाताखाली होत्या. दोघींचं काम एकच, पोटात सावकाश विरघळणारी गोळी बनवायची. टॉपर डावखुरी, गोड बोलणारी, मदतीला धावणारी. हेवा करायला याहून त्रासदायक माणूस नाही. नाव ठेवायला जागाच सोडत नाही.

गोळी तपासायच्या यंत्रात काचेची सहा भांडी असतात. त्यांत कोमट द्राव आणि फिरती वल्ही. गोळी आत टाकायची. ठरावीक वेळाने सिरिंजने थोडा द्राव काढायचा आणि लगेच तेवढाच ताजा परत टाकायचा. बेबी आकडेमोड करताना हा परत टाकलेला द्राव हमखास विसरायची.

मग टॉपर जीभ टाळ्याला लावून आवाज काढायची. च्च.

"बेबीबाई, पातळी तीच दिसते म्हणून फसू नका. दरवेळी आतलं मूळचं थोडं जातं, नवं थोडं येतं."

"तू आहेस ना चुका काढायला."

"मी आहेच गं. कुठे जातेय?"

शेवटच्या वर्षी टॉपरची स्कूटर घसरली. ती गेली.

बेबी खूप रडली. पण रडण्याच्या आधी मनात काय आलं, तेही तिने मला सांगितलंय. 'चला, आता तरी माझा नंबर.'

कसला नंबर! मेल्यावर टॉपर अजूनच हुशार झाली. जो तो म्हणे, "ती असती तर..."

दोघींच्या गोळ्या महिनोन् महिने उष्ण, दमट कपाटात ठेवल्या होत्या. टिकतात का ते बघायला. सर म्हणाले, "दोन्ही तपास. कंपनीला टिकणारी गोळी करणारी मुलगी हवीय. तिची टिकली, तर निदान तिचं नाव तरी होऊ दे."

रविवारची दुपार होती. लॅबमध्ये बेबी एकटीच.

तिने कपाट उघडलं.

तिच्या गोळ्या फुगल्या होत्या. वर तपकिरी ठिपके.

टॉपरच्या गोळ्या... कालच केल्यासारख्या.

बेबीने दोन्ही बाटल्यांची लेबलं अलगद सोलली. हिचं तिला, तिचं हिला. चिकटवून वरून अंगठा फिरवला.

मग यंत्र सुरू केलं. आता 'आपल्या' झालेल्या गोळ्या भांड्यांत सोडल्या. वल्ही फिरू लागली. घर्र... घर्र...

वेळ झाली. तिने भांड्यांतून द्राव काढला, नळ्यांत भरला, आणि ताजा द्राव टाकायला बीकर उचलला.

बीकरमधली पातळी उतरलेली होती.

भांड्यांची झाकणं ओली होती.

'मीच टाकला असेन,' बेबी मनात म्हणाली. विसरण्याची सवय होतीच.

दुसऱ्या वेळी तिने सिरिंज मुद्दाम उजवीकडे ठेवली. नळ्यांना बुचं लावून वळली...

सिरिंज डावीकडे होती. टोकाला थेंब लोंबत होता.

पंखा बंद. दार बंद. फक्त वल्ह्यांची घरघर.

तिसऱ्या वेळी तिने पाठ फिरवलीच नाही. बीकरवर डोळे लावून उभी राहिली. श्वास रोखून.

पातळी उतरायला लागली... सावकाश.

आणि अगदी जवळून...

च्च.

बेबीने खाली पाहिलं.

सिरिंज तिच्याच हातात होती. डाव्या.

निकाल अप्रतिम आला. दुसऱ्या बाटलीतल्या गोळ्या अर्थातच फसल्या. सर चष्मा पुसत म्हणाले, "चुकलंच म्हणायचं तिचं. माणूस गेलं की आपण उगाच त्याला डोक्यावर घेतो."

हे ऐकायला बेबीचे कान आसुसले होते. तिला हसू यायला हवं होतं.

तोंडातून आलं, च्च.

नोकरी लागली. कौतुक होऊ लागलं. आणि प्रत्येक कौतुकागणिक काहीतरी बदलत गेलं.

आधी चमचा डाव्या हातात गेला. मग सही. मग हसणं.

एकदा मावशी फोनवर म्हणाली, "आठवतं का गं, जिन्यावरून पडली होतीस? हनुवटीला टाके पडले होते."

"नाही आठवत. मला आपला झोपाळा आठवतो. निळ्या दोरांचा. बाबा ढकलायचे."



त्यांच्या घरी झोपाळा कधीच नव्हता. आणि बेबी तान्ही होती, तेव्हाच तिचे बाबा गेले.

"दिसते तशीच रे," मावशी मला म्हणाली. "तेच नाक, तेच केस. पण दर फोनला थोडी कमी असते."

गेल्या आठवड्यात मी बेबीला फोन केला. सहज, चिडवायच्या सुरात म्हणालो, "काय बेबीबाई, ओळख आहे ना?"



पलीकडून गोड, मदतीला तत्पर आवाज आला, "कोण बेबी?"

मी फोन ठेवला. पुन्हा करायचं धाडस अजून झालेलं नाही.

सरांना नाव काढणारी विद्यार्थिनी मिळाली. कंपनीला हुशार मुलगी मिळाली. टॉपरला तिची जागा मिळाली. बेबीला आयुष्यभर टॉपर व्हायचं होतं, तेही होत आलंय.

किंमत भरतेय फक्त माझी मावशी. थेंबाथेंबाने.