कोरी पट्टी

प्रयोगशाळेत माझी मुलगी मला सर म्हणते आणि इतरांपेक्षा चार बोलणी जास्त खाते. बापाने लाड केले असं कुणी म्हणायला नको.

त्या सकाळी घेवड्याची रोपं होती. पान खलात कुटायचं, रसात कागदाची पट्टी भिजवायची, ती स्टार्चच्या थरात खोचायची आणि वीज सोडायची. मग थर रंगात बुडवला की तपकिरी रेघा उमटतात. काम एकच, पण रूपं वेगळी अशी पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम, आपापल्या जागी थांबलेली दिसतात. पडताळ्यासाठी एक पट्टी रसाशिवाय, कोरीच लावायची. ती लेकीने लावली, चिमटा सोडून बोटांनी.

कोऱ्या पट्टीसमोरही रेघा उमटल्या. घेवड्याच्याच.

"हात धुतले होतेस का गं?"

"धुतले होते, सर."

"मग काय दिवे लावलेस बघ!"

मुलं हसली. ती हसली नाही. आई गेल्यापासून तिचं हसणं आटलं होतं, आणि जेवणही.

तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. रोपं बाहेर काढली, तिला साबणाने हात धुवायला लावले, नवा कागद कापला. एक पट्टी तिने बोटांत धरली, एक मी. माझी कोरी राहिली. तिच्या रेघा पुन्हा उमटल्या, आणि त्यांच्याखाली एक जाड रेघ जास्तीची. ती मी ओळखतो. सुकत चाललेल्या पानात येते.



दुपारी घरी ताट वाढलं. ती नेहमीसारखी खिडकीशी खुर्चीत, तोंड उन्हाकडे करून बसली होती.

"बाबा, नुसतं पाणी द्या ना."

"पाण्यावर माणूस जगतो का?"

मी घाबरलो होतो, म्हणून चिडलो. तिच्यासकट खुर्ची खिडकीला पाठ करून भिंतीकडे फिरवली आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. "जेवल्याशिवाय उठायचं नाही."

स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहिलो. डोळे भरून येत होते. तिच्याशिवाय मला आहे कोण?

"बाबा, आता बरं वाटतंय."

धावत बाहेर आलो. तिच्या चेहऱ्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. डोळे मिटून ती हसत होती. किती दिवसांनी! मला हायसं वाटलं.

मग ताटाकडे पाहिलं. ताट तसंच होतं, मांडीवर.

खुर्ची भिंतीकडेच होती. तिचे गुडघेही.